माशाने फाडलेली माशी

आसेगावच्या तलावातल्या एका मासळीने दात लावून फाडलेली नकली माशी सध्या अमेरिकेत, एका म्हाताऱ्याच्या गॅरेजच्या भिंतीवर टोचलेली आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या मालात सोयाबीन, हळद असल्या किरकोळ गोष्टींचाच गवगवा होतो, म्हणून ही बातमी आधीच सांगून टाकलेली बरी. ती माशी बांधणारे सुखदेव वानखडे माझे शेजारी. शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं मेडिकलचं दुकान, मागे माझं घर आणि त्याला लागून त्यांचं. मधली भिंत कमरेएवढी. तिच्यावरून दोन्ही घरांतलं सगळं ऐकू यायचं, फक्त बोलायची पाळी बहुतेक वेळा त्यांची असायची.

वानखडे काकांची सगळी नोकरी बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीमागे गेली. हातात माईक आणि समोर जाळी. निवृत्त झाल्यावर माईक सरकारजमा झाला, पण आवाज त्यांनी घरी आणला. घरात साधं बोलायचं असलं तर अस्सल वऱ्हाडी, आणि महत्त्वाचं बोलायचं असलं तर माईकची मराठी. "कृपया नोंद घ्यावी, आंघोळीचे पाणी तापलेले आहे," हे वाक्य मी भिंतीपलीकडून स्वतः ऐकलेलं आहे. त्यावर आतून काकू म्हणायच्या, "घेतली नोंद. आता घ्या आंघोळ."

खिडकीवर आयुष्यभर लोकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, गाडी कधी येईल. आणि त्यांनी आयुष्यभर एकच उत्तर दिलं, "येईल." त्यात वेळ नसायची, कारण नसायचं, दिलासाही नसायचा. पण समोरचा माणूस का कोण जाणे, गपगुमान बाकावर जाऊन बसायचा. काकांच्या मते ही कला होती. काकूंच्या मते हा कामचुकारपणा होता. मी दुकानदार असल्यामुळे माझं मत दोघांसमोरही तेच असायचं जे त्यांना ऐकायचं असायचं.

निवृत्तीनंतर मुलगा त्यांना अमेरिकेला घेऊन गेला. काकू गेल्या नाहीत. "तठी कोनाशी बोलू मी, भांड्यायशी?" असं म्हणून त्या शेलूबाजारातच राहिल्या. काका सहा महिन्यांसाठी गेले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की तिथे कोणी कुणाला गाडी कधी येईल हे विचारत नाही. दिवसभर घरात एकटे, बाहेर बर्फ. शेवटी कंटाळून ते अंगणातला बर्फ फावड्याने ओढायला लागले, आणि पलीकडच्या अंगणातला एक म्हातारा हातवारे करून त्यांना फावडं धरायची पद्धत शिकवायला लागला. तो आर्थर. वय पंचाऐंशीच्या पुढे, बायको वारलेली, आणि स्वभावाने काकांसारखाच, म्हणजे न विचारता शिकवणारा. अशा दोन माणसांची मैत्री व्हायला भाषेचा अडथळा नसणं धोक्याचं होतं. सुदैवाने तो होता.

आर्थरचं गॅरेज होतं, त्यात गाडी सोडून सगळं होतं. तो तिथे बसून माशा बांधायचा. म्हणजे बारीक गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून किडा तयार करायचा. तो किडा लांब दोरीच्या टोकाला लावून नदीच्या पाण्यावर अलगद टाकायचा, आणि खरा समजून मासा तो तोंडात धरायचा. मग आर्थर मासा जवळ घ्यायचा, हात ओले करून धरायचा, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. एवढ्या खटाटोपानंतर हाती काय, तर ओले हात. काकांना हे एकदम पटलं. नोकरीही त्यांनी साधारण अशीच केली होती.

सहा महिने ते रोज त्या गॅरेजात बसले. भिंतीवर बुचाची एक पाटी होती आणि तिच्यावर फाटक्या, विस्कटलेल्या माशा टोचून ठेवलेल्या होत्या. काकांनी एकदा मदत म्हणून ती पाटी साफ करायला घेतली, तेव्हा आर्थर ओरडला म्हणे. तो काय ओरडला ते काकांना कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा पाटीला हात लावला नाही. निघायच्या दिवशी आर्थरने त्यांना एक जुनी काठी, रीळ, गळांची डबी आणि माशी बांधताना गळ धरून ठेवणारा छोटा शिकंजा दिला. मुलाला मधे घालून एवढंच सांगितलं, तुझ्या पाण्यातला मासा मला दाखव, तुझ्या हाताने बांधलेल्या माशीवर आलेला. काकांनी हात मिळवला आणि "प्रॉमिस" म्हणाले. इंग्रजीतले जे चार शब्द त्यांना येत होते त्यातला नेमका महागडा शब्द त्यांनी तिथे खर्च केला.

गावी परतल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. आमच्याकडे मासे धरायला जाळं आहे, कणकेची गोळी आहे, गांडूळ आहे, आणि पाणी आटलं की दोन हात आहेत. पिसाने मासा धरायचा हे आसेगावच्या तलावाने कधी ऐकलं नव्हतं. काकांचा जन्म आसेगावचा, त्यामुळे त्या तलावावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटायचं. माशांना तसं वाटत नसावं.

आधी पिसाचा प्रश्न आला. त्यांना हवं होतं हंसाच्या पंखातलं मोठं पीस. प्रत्येक मोठ्या पिसाची एक बाजू रुंद असते आणि एक अरुंद. अरुंद बाजूला आखूड, ताठ तंतू असतात. आर्थर त्यांना बायट म्हणायचा, म्हणून काकाही म्हणायचे, आणि समोरच्याला ते ठाऊक नाही याचं त्यांना दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं. असा एक तंतू भिजवून मऊ करायचा, त्याचं बारीक टोक गळावर दोऱ्याने बांधायचं आणि पुढे पुढे गुंडाळत यायचं. नीट गुंडाळला की प्रत्येक वेढ्याची कड वर उठते आणि किड्याच्या पोटावर असतात तशी वळी दिसतात. त्यासाठी त्यांनी कोंबडीचं पीस करून पाहिलं, ते लुळं निघालं. कुणी मोराचं आणून दिलं, ते "दिखाऊ हाय" म्हणून परत केलं. शेवटी हायवेवरच्या गंगाधररावांच्या शेतघरात साप येऊ नयेत म्हणून पाळलेले पांढरे हंस होते, त्यांच्यामागे काका फिरायला लागले.

हंस हा पक्षी चित्रात शांत असतो. गंगाधररावांकडचे हंस चित्र बघून वाढलेले नव्हते. पडलेलं पीस उचलायला काका वाकले की एक पुढून यायचा आणि एक मागून. पहिल्या दिवशी पोटरीवर चावा मिरवत ते माझ्या दुकानात आले, हातात एक पीस आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव.

"काय झालं काका?"

"डाव्या पंखाचं हाय," ते पीस उंच धरून म्हणाले.

"मी पायाचं विचारून राह्यलो."

"पायाले काय होते. तू त्याची कड पाह्य."

मी कड पाहिली, मलम दिलं आणि इंजेक्शनसाठी त्यांना समोरच्या डॉक्टरकडे पाठवलं. पुढे माझ्या दुकानातल्या बारीक चिमट्याचे आणि छोट्या कात्रीचे ते नेमाचे गिऱ्हाईक झाले. तंतू भिजवलेली वाटी त्यांच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी असायची. एकदा पाहुण्यांसमोर काकूंनी घाईत तीच वाटी ताटात ठेवली. पाहुणे शहाणे होते, त्यांनी आधी लोणचं खाल्लं.

पहिला महिनाभर त्यांच्या सगळ्या माशा गुळगुळीत झाल्या. वळी उठेनात. काका पिसाला दोष देत होते, पाण्याला देत होते, माझ्या चिमट्यालाही दिला. मग एकदा मुलाने आर्थरला व्हिडिओवर आणलं. आर्थर थोडा वेळ बघत राहिला आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला खोकला आला. झालं होतं असं की काका सहा महिने आर्थरच्या समोर बसून शिकले होते, त्याच्या बाजूला नाही. त्यामुळे त्याच्या उजवीकडचं यांच्या डावीकडे आलं होतं. तंतूच्या बुडाला एक खाच असते, ती ज्या बाजूला ठेवायची त्याच्या बरोब्बर उलट बाजूला काका ठेवत होते. चौकशीच्या खिडकीतून जग बघायची सवय झालेल्या माणसाला शेजारी जाऊन बसायचं सुचलं नसावं. काकांनी फोन बंद झाल्यावर गंभीरपणे जाहीर केलं, "कृपया नोंद घ्यावी, तांत्रिक कारणामुळे दिशा बदलण्यात आली आहे."

दिशा बदलली आणि वळी उठली. आता राहिला मासा. आर्थरची माशी पाण्यावर टाकायची तर दोरी आधी मागे उंच फेकावी लागते. मागे काय आहे हे बघायची काकांना गरज वाटत नसे. त्यामुळे त्यांच्या गळाला आसेगावात बरंच काही लागलं. बाभूळ लागली, वाळत घातलेलं लुगडं लागलं, एकदा माझाच कान लागला. मासा तेवढा बाकी होता. मी कानाला धरून विचारलं, "काका, मासा कधी येईल?" तर म्हणाले, "येईल." मीही मग गपगुमान बांधावर जाऊन बसलो.

बाभळीत अडकलेल्या माशीचं प्रकरण मात्र तिथे थांबलं नाही. त्या बाभळीखाली शांताबाईंची म्हैस बांधलेली असे. एका सकाळी म्हशीने दूध दिलं नाही. शांताबाईंनी वर पाहिलं तर फांदीला पांढरं पीस, लाल दोरा आणि वाकडं लोखंड वाऱ्यावर हलत होतं. पुढचं सांगायला नको. दुपारपर्यंत पारावर माणसं जमली, कुणी लिंबू आणलं, कुणी करणी करणाऱ्याचं नाव शोधायला लागलं. काकांना निरोप गेला. त्यांच्या घरात दारासमोरच बुद्धाची मूर्ती, करणी-उताऱ्याविरुद्ध त्यांनी जन्मभर लोकांना व्याख्यानं दिलेली. आणि आता त्यांच्याच हातची करणी पंचक्रोशीत गाजत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

काका शिकंजा आणि तंतूची वाटी घेऊन गेले. पारावरच्या सिमेंटच्या बाकाला तो आवळला आणि सगळ्यांसमोर माशी बांधायला बसले. गळ लावला, लाल दोऱ्याचं अस्तर केलं, वाटीतला भिजलेला तंतू चिमट्याने उचलला. आधी कुजबुज होती, मग थांबली. तंतूचा एकेक वेढा बसत गेला, एकेक कड उठत गेली, आणि बघता बघता लोखंडाला पोट आलं. मी खूप जणांना पुष्कळ कामं करताना पाहिलंय, पण त्या वेळी काकांच्या बोटांकडे बघताना मला त्यांच्यावर काही बोलावंसं वाटलं नाही. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

माशी पुरी झाली तेव्हा शांताबाईंनी विचारलं, "याच्यानं मासा मरते का?"

"नाई. धराचा अन् सोडून द्याचा."

"सोडून द्याचा? मंग धरता कायले?"

याचं उत्तर अमेरिकेत होतं. काका नुसते म्हणाले, "एकाले दाखवाचा हाय." तेवढ्यात शांताबाईंच्या नातीने येऊन सांगितलं की पहाटे वगार सुटली होती आणि तिनेच म्हशीला पिऊन टाकलं होतं. सभा बरखास्त झाली. जाता जाता एका म्हाताऱ्याने निकाल दिला, "करनी असती त उतारा करता आला असता. याले उतारा नाई." लिंबू काका घरी घेऊन आले, काकूंनी त्याचं सरबत केलं.

यात वर्ष गेलं. मुलाच्या फोनवर आर्थरच्या बातम्या यायच्या. आधी तो नदीवर जायचा बंद झाला, मग गॅरेजात जायचा. मग तो दवाखान्यात असल्याचं कळलं. दर वेळी तो एकच विचारायचा, मासा आला का. काकांचं तलावावर जाणं वाढलं आणि बोलणं कमी झालं. भिंतीपलीकडून माईकची मराठी ऐकू येईना तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. मी सरळ उपाय सुचवला. बाजारातून चांगली मरळ आणू, तिच्या तोंडात माशी अडकवू, फोटो काढू. काकूंनीही मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचं समाधान होतंय, कुणाचं काय जातंय.

काका माझ्याकडे असे बघायला लागले जसा मी मुदत संपलेलं औषध विकताना सापडलो होतो.

"परमोद, खिडकीवर लोकं मले शिव्या देत. पन न आलेली गाडी आली म्हनून मी जिंदगीत कधी सांगितली नाई."

विषय संपला. निदान आमच्यासाठी संपला.

त्या हिवाळ्यात एका सकाळी ते मला आसेगावला घेऊन गेले, कारण त्यांच्या मोटारसायकलची किक माझ्यापेक्षा म्हातारी होती आणि त्यांच्या एकट्याच्या पायाला दाद देत नसे. मी घाईत निघालो, फोन दुकानात चार्जिंगला राहिला. तलावावर धुकं उतरलेलं, पाण्यावर बारीक किडे उडत होते. काका गुडघाभर पाण्यात उतरले. माशी टाकली, ओढली, टाकली. मी बांधावर जांभया देत होतो. आणि एका क्षणी माशी होती तिथे पाणी जरासं फुटलं आणि दोरी ताठ झाली.

मी धावत पाण्यात उतरलो. काकांनी काठी माझ्या हातात दिली, आणि मासा जवळ येताच खाली वाकून आधी दोन्ही तळवे पाण्यात बुडवले. मग त्याला उचललं. चिलापी होती, बोटभर, फार तर बोट आणि वर नख. त्यांनी एका हातात ती धरली आणि दुसऱ्याने खिशातून फोन काढला. इथे आर्थरच्या शिस्तीने घात केला. ओल्या बोटाला फोन ओळख देईना. आधी टॉर्च लागली. मग गाणं लागलं. शर्टाला बोट पुसलं, तर शर्टही ओला. पुन्हा दाबलं आणि काकूंना फोन लागला. "काय झालं? पडले काय पान्यात?" असं काकू फोनमधून विचारत असतानाच चिलापीने अंग झाडलं, गळ सुटला, आणि ती गेली.

काका तसेच उभे राहिले. हातात फोन, फोनमध्ये काकू. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी काठी गुंडाळायच्या निमित्ताने पाठ फिरवली. तलावावर आणखी कुणी नव्हतं.

गावात मात्र संध्याकाळपर्यंत हातभर मरळ येऊन गेल्याची बातमी होती. ती कुणी पसरवली हे मी विचारलं नाही. न आलेली गाडी आली म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. आलेल्या गाडीला फक्त डबे जोडले होते. मी एकमेव साक्षीदार, पण गिऱ्हाइकाला खोटं पाडणं आमच्या धंद्यात बसत नाही.

काकू म्हणाल्या, "आता त धरलीच होती ना. तशीच दुसरी आनून फोटो काढला त खोटं कसं होईन?" काका उठून ओसरीवर गेले. दोरीला अजून माशी होती. ती काढून डबीत ठेवायला म्हणून त्यांनी हातात घेतली आणि थांबले. मला हाक मारली. मी भिंतीवरून पलीकडे गेलो. पोटाचा तंतू मधेच तुटला होता, दोन वेढे उसवून बाहेर लोंबत होते. हंसाचा तंतू दिसायला कडक, पण दाताला टिकत नाही. एका चाव्यात त्याचं हे होतं.

"आर्थरची पाटी," काका म्हणाले. तिच्यावरची एकेक फाटकी माशी म्हणजे आलेला एकेक मासा होता. वर्षभरापूर्वी कचरा समजून ते जी साफ करायला निघाले होते तीच पाटी. त्यांनी पांढऱ्या बशीत फाटकी माशी ठेवली, हात कोरडे केले, दोनदा कोरडे केले, आणि फोटो काढून मुलाला पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला, मी भिंतीला टेकून उभा. मुलगा दवाखान्यात फोटो घेऊन गेला होता. आर्थरने चष्मा मागितला, बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, वळी छान उठलीत, त्याला सांग. आणि मासा लहान होता. दात बारीक आहेत. वीतभरसुद्धा नसेल.

मग काकू इतक्या हसल्या की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. समुद्रापलीकडे अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्याने हातभर मरळ क्षणात बोटभर केली होती. काकांचा चेहरा पडायला हवा होता. पण तो उजळला होता. आपलं खोटं पकडलं गेल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"त्यानं ती माशी मागितली हाय, बाबा," मुलगा म्हणाला. "पाटीवर लावाले. पाठवून द्या. पन लवकर."

पोस्टाने किती दिवस लागतील यावर मी, काकू आणि समोरचा डॉक्टर यांनी आपापली मतं दिली. काकांनी ती ऐकून घेतली आणि आत जाऊन लोखंडी पेटीतून स्वेटर काढले. अमेरिकेत पुन्हा पाय ठेवणार नाही असं त्यांनी परतल्या दिवशी जाहीर केलं होतं. त्या घोषणेच्या रद्द होण्याची घोषणा झाली नाही. या वेळी काकूही निघाल्या. "याले एकट्याले पाठवलं त तठी बी कोनाचा कान फाडन," असं कारण त्यांनी मला दिलं.

नागपूरहून विमान होतं. दुपारी मी त्यांना हायवेवरच्या थांब्यावर सोडायला गेलो. काकू तिखटाच्या बरणीची पिशवी मांडीवर घेऊन पेटीवर बसल्या होत्या. काका उभे होते. माझ्या दुकानातली गोळ्यांची रिकामी डबी त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती, आत कापसावर ती माशी, आणि खिशावर त्यांचा हात. एक गाडी आली, ती कारंज्याची होती. दुसरी आली, ती थांबलीच नाही. काका रस्त्याच्या टोकाकडे बघत होते, मग घड्याळाकडे, मग पुन्हा रस्त्याकडे. सगळी हयात त्यांनी जाळीच्या आतून जी माणसं पाहिली होती, तसेच ते दिसत होते.

"परमोद," ते म्हणाले, "कवा येईन रे गाडी?"

माझ्याकडे त्याला चांगलं तयार उत्तर होतं, वर्षानुवर्षांचा हिशेब चुकता होईल असं. मी त्यांच्या खिशावरच्या हाताकडे पाहिलं.

"येईल," मी म्हणालो.

काका मान हलवून काकूंच्या शेजारी पेटीवर जाऊन बसले.